महादेवरावांचा वन्समोर

महादेवरावांना त्यांच्या पाठीमागे सगळा गाव 'सरदार' म्हणे. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. सरदारकी त्यांच्या घराण्यात कधीच नव्हती. वडील खुशालराव म्हणजे काळ्या जमिनीत राबून राबून तिच्यासारखाच रंग चढलेला साधा कुणबी माणूस. बोरगाव आणि मूर्तिजापूरच्या मधल्या त्या गावात त्यांचं वावर चांगलं, विहिरीला बारमाही पाणी आणि अकोल्याच्या बाजारात कपाशीचं नाव, एवढीच काय ती दौलत. सरदारकी आली ती नाटकातून.

मिसरूड फुटत होतं त्या वयात महादेवराव कुणाच्यातरी लग्नाला अमरावतीला गेले आणि तिथं एका नाटक कंपनीचा खेळ पाहून आले. नाटकाचं खरं नाव भलं लांबलचक आणि संस्कृत होतं, म्हणून वऱ्हाडात त्याला सगळे 'सरदाराचं नाटक' म्हणत. गोष्ट अशी, की एक शूर सरदार मोहिमेवरून परत येतो. कारभारी त्याचे कान भरतो, की सरदारीण रोज मागच्या दारानं कुणालातरी ताट पोचवते. सरदार तिला भर चौकात, नोकरचाकरांसमोर, उंबऱ्याबाहेर काढतो. ती नदीत जीव देते, आणि मग कळतं की मागच्या दारी येणारा तिचा भाऊ होता, राजाच्या भीतीनं लपून राहणारा. सरदार तिच्या प्रेताशी बसून रडतो, रडता रडता तीन पदं म्हणतो आणि पडदा पडतो.

त्या रात्री उंबऱ्याच्या प्रसंगाला सरदाराचं काम करणाऱ्या नटानं पद असं काही लावलं की थिएटर 'वन्समोर'नं दणाणलं. आता पद पुन्हा म्हणायचं तर समोर सरदारीण हवी, आणि ती तर रडत निघून गेलेली. मग ती विंगेतून निमूट परत आली, पदर सारखा केला, उंबऱ्यावर उभी राहिली आणि पुन्हा हाकलली गेली. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला लोक जागेवर उभे राहून टाळ्या पिटत होते, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज महादेवरावांचा होता. एक बाई पुन्हा पुन्हा घराबाहेर जाते आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. बाई तरी कुठली, मिशा काढलेला बाप्याच तो.

गावी परतल्यावर महादेवरावांना दुसरं काही सुचेना. हनुमान जयंतीला त्यांनी गावातच नाटक बसवलं. सरदार अर्थात स्वतः. सरदारीण झाला नत्थुजी शिंपी, कारण लुगडी मागून आणायला त्याच्या ओळखी होत्या आणि उंचीही बेताची. नत्थुजीचा कंठमणी एवढा मोठा की तो रडायला लागला की पुढच्या रांगेतले लोक तिकडेच बघत. पण सरदार मात्र जमला. डावा पाय पुढे, उजवा हात छातीवर, आवाज पोटातून. लागोपाठ चार वर्षं हनुमान जयंतीला गावानं सरदाराला वन्समोर दिला, आणि चारही वर्षं नत्थुजी घराबाहेर जाऊन परत आला.

जमुना सून होऊन आली ती याच दिवसांत. माहेर तिवशाकडचं. बोलायला मोजकी, कामाला वाघीण. विहिरीवर भगवंत माळी वाट्यानं भाजीपाला करी. त्याची बायको तानुबाई बाळंत होऊन आजारी पडली, अंगावर ताप, घरात करणारं कुणी नाही. जमुना रोज दुपारी विहिरीकडे जायची आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी भगवंताच्या हाती द्यायची. शिरा असायचा, कधी मऊ भात. सासूला विचारलं असतं तर माळ्याच्या बाईला तूप कशाला म्हणून ओरडा बसला असता, म्हणून तिनं कुणाला विचारलं नाही. एका चुलतीनं ते फडकं पाहिलं आणि महादेवरावांच्या कानी घालून आपलं काम केलं.

वऱ्हाडी माणूस संतापला की वऱ्हाडीत संतापतो. दोन शिव्या घालतो, काठी आपटतो आणि मोकळा होतो. महादेवराव पुण्याच्या भाषेत संतापले. वेचणीच्या बाया दिवसाचा कापूस घेऊन अंगणात आल्या होत्या, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदार होता, शेजारचे चारजण ओसरीवर पान खात बसले होते. महादेवरावांनी जमुनेला दारात उभं केलं, डावा पाय पुढे टाकला आणि उजवा हात छातीवर ठेवून म्हणाले, “जा. ज्या पावलांनी तू या घरची लक्ष्मी होऊन आलीस, ती पावलं मी आज माझ्या हातानं पुसून टाकतो. हा उंबरठा यापुढे तुला ओळखत नाही.”

जमुनेनं तोंड उघडलं होतं, पण शब्द फुटायच्या आत ओसरीवरून चंद्रभान म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, “वा.” त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. चार वर्षांची सवय होती. जमुनेनं त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटलं. त्याच संध्याकाळी सालदारानं तिला बैलबंडीत बसवून स्टेशनावर नेलं.

तेव्हा तिला पाचवा महिना होता. मूल तिवशालाच झालं आणि तिथंच गेलं. इकडे तानुबाई हिंडूफिरू लागली आणि एक दिवस स्वतः येऊन फडक्यातलं सगळं सांगून गेली. महादेवरावांनी ऐकून घेतलं, पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि तिवशाला सालदार पाठवला. स्वतः गेले नाहीत. जमुना आली, चुलीपाशी बसली, पुढे दोन लेकरं झाली, संसार झाला. त्या दिवसाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि न बोलता सगळं मिटलं असं महादेवरावांनी धरून घेतलं. पुरुषाला असं धरून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. नाटक मात्र पुन्हा बसलं नाही. लोक विचारत, महादेवराव म्हणत, आता वय झालं.

बारा वर्षं गेली. कंपन्या बुडाल्या, नाटकांची थिएटरं ओस पडली आणि बोलपट आले. मग एका मार्गशीर्षात अकोल्याहून बातमी आली की सरदाराचं नाटक, जसंच्या तसं, सगळ्या पदांसकट, बोलपटात उतरवलंय आणि ते टॉकीजला लागलंय. महादेवरावांचं वय एका रात्रीत उतरलं. पहिल्या वेचणीचा कापूस अकोल्याला न्यायचाच होता. त्यांनी गावभर सांगून टाकलं, की ज्याला यायचं त्यानं यावं, बायाबापड्यांनीसुद्धा; बंड्या आपल्या आहेत, तिकिटं आपली आहेत.

“तू बी चाल,” ते जमुनेला म्हणाले. “पाह्य तर खरी, काय चीज हाये.”

“येतो ना,” जमुना म्हणाली. “काहून नाई.”

टॉकीज म्हणजे पूर्वीचं, कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनाचं गोदाम होतं. वर टिनपत्रे, दारांना काळे पडदे, दुपारचा खेळ असूनही आत काळोख. पुढे जमिनीवर बसणारे, मागे बाकडी, आणि डाव्या अंगाला कनात लावून बायकांची जागा. दिवे गेले की कनात सरकवत. महादेवराव मधल्या बाकड्यावर बसले, शेजारी नत्थुजी, मागेपुढे सगळं गाव. खेळ सुरू व्हायच्या आधीच महादेवराव सांगू लागले, आता कारभारी येईन, आता सरदाराची स्वारी. नत्थुजी मान डोलवत होता.

सरदारीण पडद्यावर आली आणि नत्थुजीची मान थांबली. खरीच बाई होती. कंपनीतल्यासारखी मुरकत नव्हती, नत्थुजीसारखी लुगडं सावरत नव्हती. तिनं झाकून ताट उचललं, मागचं दार उघडलं, बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एवढा मोठा झाला की सगळी भिंत त्यानं भरली. नाटकात असं कधी दिसलंच नव्हतं. नाटकात ती दूर कोपऱ्यात असायची आणि उजेड सरदारावर.

बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली, तिचा गलका झाला. “भाऊ व्हय म्हनून सांगून दे वं बाई,” एकजण ओरडली. “लपवू नोको, सांगून दे आताच.” दुसरी कारभाऱ्याला शिव्या देत होती, अगदी वेचून वेचून. पुढचे अकोल्याचे लोक हसत होते. सरदारीण काही सांगत नव्हती, कारण भावाला तिनं वचन दिलं होतं. मग सरदारानं तिला चौकात बोलावलं.

महादेवराव बाकड्याच्या कडेला सरकले. एकेक वाक्य त्यांच्या ओठांवर आधी येत होतं आणि पडद्यावर मागाहून. मागच्या कुणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावून म्हटलं, “सरदार, हे त तुमीच.” महादेवरावांची छाती भरून आली. नटानं पद उचललं, तान घेतली, समेवर आला, आणि महादेवरावांच्या पोटातून जुना आवाज निघाला, “वन्समोर.”

दुसऱ्या कुणीही दिला नाही. गोदामभर त्यांचा एकट्याचाच आवाज घुमला. पडद्यावरच्या सरदाराला तो ऐकू येणार नव्हता. पद संपलं ते संपलंच. पुढच्याच चित्रात ती बाई पायऱ्या उतरत होती आणि पुन्हा तिचा चेहरा भिंतभर आला. तिला विंगेत जायचं नव्हतं. तिला खरंच कुठंतरी जायचं होतं आणि कुठं ते तिलाच कळत नव्हतं, असा तो चेहरा होता.

त्या शांततेत बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. मोठा नव्हता, चिडलेला तर मुळीच नव्हता. “एक डाव झालं,” तो म्हणाला, “पुरे झालं.”

महादेवरावांना आवाज ओळखायला वेळ लागला नाही. गावालाही लागला नाही. समोर पडद्यावर एवढं काय काय चाललं होतं, आणि पुढच्या बाकड्यावरच्या गावकऱ्यांच्या माना एकेक करून वळल्या. त्यांनी महादेवरावांकडे पाहिलं आणि लगेच नजरा काढून घेतल्या. त्या नजरा काढून घेणंच फार वाईट होतं. खांद्यावरचा हातही कधी निघून गेला कळलं नाही. चंद्रभान म्हातारा त्यांच्या पुढ्यात बसला होता. त्यानं एकट्यानं मागं पाहिलं नाही, डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं आणि खाली बघत बसला.

महादेवरावांना लाज वाटली. गाव बघतंय याची वाटलीच, पण ती पहिली. तिच्यामागून दुसरी आली, आणि ती अजून कुणाला ठाऊक नव्हती. बारा वर्षांपूर्वी अंगणात चंद्रभान 'वा' म्हणाला तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. राग खरा होता, संशयही खरा होता, पण त्या 'वा'नं अंगावर काटा आला होता आणि मनात आलं होतं, की आजचं वाक्य हनुमान जयंतीपेक्षा चांगलं पडलं. बायको दारात उभी होती, पोटात मूल होतं, आणि हा गृहस्थ आपला आवाज ऐकत होता. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. तो कसा झाला होता ते आता आठवू म्हटलं तर आठवेना. पडद्यावरच्या बाईचाच चेहरा दिसत राहिला.

नदीचा प्रसंग आला तेव्हा बायकांनी हेल काढून रडायला सुरुवात केली, गावात माणूस गेल्यावर रडतात तशी. अकोल्याचे लोक आता हसत नव्हते. मग सरदाराला सगळं कळलं, तो धावत नदीकाठी आला, प्रेताशी बसला आणि त्याचं पहिलं पद सुरू झालं. या पदानं अमरावतीत पुरुष ढसाढसा रडले होते. काय बिचाऱ्यावर वेळ आली, म्हणाले होते. इथंही बाकड्यांवर कुणी कुणी नाक ओढू लागलं.

पण बायकांचं रडणं थांबलं. एकदम थांबलं. बांगड्यांचा आवाज आला, लेकरं उचलल्याचा आवाज आला. “चाला वं,” कुणीतरी म्हणालं, “आता याचं काय आयकाचं.” काळा पडदा सरकला, दुपारचं पांढरं ऊन आत पडलं आणि सरदाराचा चेहरा भिंतीवर फिका झाला. त्या उजेडातून एकेक बाई बाहेर पडली. महादेवरावांनी मान वळवून पाहिलं तेव्हा जमुना दारात होती. तिनं मागं वळून पडद्याकडे पाहिलं नाही, यांच्याकडेही नाही. सरदार भिंतीवर गातच होता. तिन्ही पदं त्यानं पुरी केली.

आदल्या दिवशी येताना पदं म्हणत आलेली माणसं परतीच्या वाटेवर बंड्यांत बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसली होती. बायकांच्या बंड्या पुढे होत्या. नत्थुजी महादेवरावांच्या जवळ बसला होता. तो म्हणाला, “चार वर्स म्या ते काम केलं गा. पन बाई घरातून निंगून चालली, असं माह्या मनात एक डाव बी नाई आलं. मले फकस्त लुगडं सुटाचं भेव वाटे.”

महादेवराव मनात वाक्य जुळवत होते. जमुनेला काय म्हणायचं ते. पण जे जुळे ते सरदाराचं निघे. 'देवते, या पाप्याला' असं काहीतरी यायचं, आणि ते अर्ध्यातच सोडून द्यायचे. या माणसाकडे हाकलायला दुसऱ्याचे शब्द होते आणि पश्चात्तापालाही दुसऱ्याचेच, स्वतःचा असा एक शब्द धड नव्हता. बोरगाव मागं पडलं तरी त्यांना चार शब्द सापडले नव्हते.

एक मात्र त्यांना पटलं होतं. जे बोललो ते माणसांसमोर बोललो होतो; आता रात्री घरात, दिवा विझवून, कानाशी काही पुटपुटलं तर ते चोरटेपणाचं होईल. दुसऱ्या दिवशी वेचणी होती. ऊन कलल्यावर बाया गाठोडी घेऊन अंगणात आल्या, कापसाचा ढीग लागला, जमुना ओसरीपाशी गाठोडी उतरवून घेत होती. सालदार होता. भगवंताची तानुबाईही होती, तीसुद्धा आता वेचणीला येई. महादेवराव घरातून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले.

“जमुने,” ते म्हणाले, “म्या चुकलो. तुही काईच चूक नोयती. म्या तुले इथंच, या दारात, नाई नाई ते बोललो. ते माहं चुकलं.”

बायांचे हात थांबले. जमुनेनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं, पदरानं तोंडावरचा घाम पुसला आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

“हे कोनत्या नाटकातलं व्हय?” तिनं विचारलं.

कुणी हसलं नाही. हसण्यासाठी ती बोललीच नव्हती. तिला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं, आणि ती उत्तराची वाट पाहत उभी होती.

कोणत्याच नाटकातलं नाही, असं महादेवराव म्हणणार होते. तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात छातीवर आहे. डावा पाय पुढे आहे. कधी गेला, कसा गेला, त्यांना कळलंच नव्हतं. बाया तेच बघत होत्या. जमुनाही तेच बघत होती. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, आणि मग वाटलं, हेही कुठंतरी ऐकलेलंच आहे.

त्यांनी हात खाली घेतला. पाय मागं घेतला. मग तो हात कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून ते ढिगाशी खाली बसले, बायांच्या ओळीत, मान खाली घालून.

“चुकलो वं,” ते म्हणाले. आवाज पोटातून आला नाही. घशातच कुठंतरी अडकला, फाटला, आणि मागच्या बायांना तर ऐकूही गेला नाही.

“आयकलं म्या,” जमुना म्हणाली. मग ती वळली, तानुबाईच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेऊ लागली, आणि महादेवराव तिथंच बसून राहिले.